पाय राहिलेत

“हौसाबाई, डावी टाच जरा आत घ्या. बास. आता हलायचं नाही.”

निंबाळकर सर माझ्या पायाशी उकिडवे बसले आणि खडूनं माझ्या पावलांभोवती रेघ ओढायला लागले. आधी डावा पाय, मग उजवा. करंगळीपाशी खडू आला की मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी तोंडावर काही दिसू देत नसे.

“सर, उरका की. एवढ्या वेळात मी टोपलंभर भाकऱ्या थापल्या असत्या.”

पोरं हसली. परीक्षेचा दिवस होता, म्हणून जरा जास्तच हसली. खडूच्या रेघेचं कारण साधं आहे. मॉडेल उभं राहून राहून थकतं, त्याला मधे विसावा द्यावा लागतो. विसाव्यानंतर पुन्हा उभं राहायचं ते बरोबर त्या रेघेत, तसंच्या तसं. पाय बोटभर सरकला तर वरचं सगळं अंग फिरतं आणि पोरांची चित्रं वाया जातात.

सगळी हसली, पण खिडकीजवळचा एकजण हसला नाही. हात लांब करून, मुठीत पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून तो माझं डोकं मोजत होता. डोक्याची लांबी अंगात किती वेळा बसते ते आधी बघतात, मग कागदावर खुणा करतात. तसं मला शेकडो पोरांनी मोजलं होतं. ह्यानं आजवर कधी मोजलं नव्हतं.

तो माझा मुलगा महिपती. आणि ही गोष्ट त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

माझा नवरा कोल्हापुरात सिनेमाची मोठी बोर्डं रंगवायचा. हात चांगला होता. एकदा नटीच्या डोळ्यातलं पाणी रंगवत होता आणि शिडी सरकली. लोक म्हणाले, पडला तेव्हा ब्रश हातातच होता. जसं काही त्याचं मला मोठं कौतुक! महिपती तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता. मी स्वतः दुसरीतून उठलेली, मला कोण कुठली नोकरी देणार? आमच्या गल्लीतली ठमाक्का चित्रांच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसायची. तिचे गुडघे धरले, तेव्हा तिनं मला आपल्या जागी नेऊन उभं केलं. सरांनी विचारलं, “नाव काय?” मी म्हटलं, “हौसाबाई.” पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मॉडेलला आडनाव लागत नाही.

अंगावरचं लुगडं माझ्या कधी इकडचं तिकडं झालं नाही. नऊवारी नेसून, पदर खोचून मी बसायची, नाहीतर उभी राहायची. पण गल्लीला कोण सांगणार? नळावर सरू जोंधळे एकदा म्हणाली, “काय हौसाबाई, आज किती जणांनी बघितलं?”

“बघितलं की ईस-पंचवीस जणांनी,” मी म्हटलं. “तुला तर घरातला एकच बघायला हाय, आणि त्योबी तोंड फिरवून बसतोय.”

त्यानंतर नळावर माझी घागर पहिली लागायला लागली.

त्या कॉलेजच्या भिंतींवरची चित्रं बघता बघता माझ्या डोक्यात एकच घोकणी बसली. महिपतीचा हात बापासारखा आहे, तो रंगाशिवाय जगणार नाही. पण हा पोरगा शिडीवर चढणार नाही. इथं शिकेल, परीक्षा चांगली पास होईल, शाळेत ड्रॉइंगमास्तर होईल आणि दोन पाय जमिनीवर ठेवून रंग लावेल. ह्यापलीकडे मी देवाकडे काही मागितलेलं नाही.

त्याला प्रवेश मिळाला त्या दिवशी मी तव्यावर भाकरी टाकता टाकता सांगितलं, “हे बघ मह्या. कॉलेजाच्या फाटकातनं आत पाऊल टाकलंस की मी तुझी आई न्हवं. बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई, डबा माझ्यासंगट खायचा न्हाई.”

“का?”

“का म्हंजे? तिथली पोरं मॉडेलांची टिंगल करत्यात. माझी केली तर तू कुणाचं तरी टाळकं फोडशील आणि तुझंच नाव काढून टाकतील. आणि पयला आलास तर म्हणतील, मॉडेलच्या पोराला दया म्हणून मार्क दिलं. मला दया चालत न्हाई. कळलं?”

“बरं,” तो म्हणाला.

एवढ्या पटकन म्हणाला की माझा हात तव्यावरच राहिला आणि बोटं भाजली. एकदा तरी ‘असं कसं आई’ म्हणेल असं वाटलं होतं. पण नियम माझाच होता, तो मोडणाऱ्यातली मी नव्हे. मी सरांना सांगून माझं काम खालच्या वर्गाकडे लावून घेतलं. मह्याच्या वर्गाला गणपा पैलवान होता. म्हातारा, पण जुन्या तालमीतलं अंग. त्याच्या पाठीवरचा स्नायू न् स्नायू पोरांना पाठ झाला होता. परीक्षेलाही तोच उभा राहायचा होता. मुंबईहून बाहेरचे परीक्षक आले आणि त्याच सकाळी गणपा तापानं फणफणला.

म्हणून मी तिथं उभी होते.

परीक्षक उंच, इस्त्रीच्या पँटीतले, बोलायला थोडके. त्यांनी माझ्या उजव्या हातात वेळूची काठी दिली, डावा हात कमरेवर ठेवायला लावला आणि म्हणाले, “सगळा भार डाव्या पायावर.” उजवा पाय नुसता टेकवायचा. दिसायला डौलदार असतं ते, पण उभं राहणाऱ्यालाच कळतं. दिवसभराची परीक्षा. मधे मधे विसावा होता, तरी दुपारपर्यंत डाव्या पायात मुंग्या, मग सुया आणि मग काहीच नाही, लाकूड.

त्या वर्गात शमा मुजावर म्हणून एक पोरगी होती, मटण मार्केटकडची. विसाव्यात तिनं मला थर्मासमधला चहा दिला.

“मावशी, पाय चोळा जरा. पांढरा पडलाय.”

“चोळून काय गोरा व्हायचाय? तू तुझं चित्र बघ. कोपर मोडल्यागत काढलंयस माझं.”

ती हसली आणि कोपर पुसायला गेली. महिपती खिडकीत पाठमोरा उभा होता. मी चहा पिताना त्याचा बोर्ड बघून घेतला. डोकं, मान, खांदा, पदराच्या चुण्या, काठीवरची बोटं, सगळं असं उतरलं होतं की माझ्याच अंगावर काटा आला. पण बाकीच्या पोरांची बाई पायापर्यंत पोचली होती आणि ह्याची घोट्यावर संपत होती. खाली नुसता कोरा कागद. सवयच ती त्याची. वरून सुरू करायचं आणि प्रत्येक गोष्टीत जीव अडकवायचा.

मनात म्हटलं, मेल्या, आटप की. पाय नसलेल्या बाईला कोण पास करेल?

पुन्हा लाकडी चौथऱ्यावर चढून रेघेत उभी राहिले. थोडा वेळ गेला. डाव्या पायाखाली फळी आहे की नाही ते कळेनासं झालं. मी काठी घट्ट धरली. खिडकीतलं ऊन पोरांच्या डोक्यांवरून सरकत होतं आणि मग अचानक सगळी डोकी एका बाजूला कलंडली. ती नव्हती कलंडली, मीच कलंडले होते. काठी सुटून खडखडत गेली आणि मी चौथऱ्यावरून खाली आले. डावा पाय अंगाखाली सापडला. कट्‌ असा आवाज झाला, तो मीच ऐकला.

“अगं बाई! मावशी!”

शमा पहिली आली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या ओढणीला चित्राच्या कोळशाचा वास येत होता. सर धावले. कुणी पाणी आणलं, कुणी वहीनं वारा घातला. सगळी पोरं माझ्याभोवती गोळा झाली. म्हणजे एक सोडून सगळी. त्यांच्या पायांच्या फटीतून मला खिडकीजवळचा चित्राचा स्टँड दिसत होता आणि स्टँडच्या खाली दोन चपला. मीच आणलेल्या, मंगळवारच्या बाजारातून. त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

मी वाट बघितली. नियम माझा होता, मान्य. पण आई पडली तर नियम कुठला?

“लागलं का फार?” सरांनी विचारलं.

“न्हाई. जमिनीला लागलं असंल.”

परीक्षक घड्याळ बघत होते. “मॉडेलला बसवून पूर्ण करता येणार नाही. पोझ बदलली की काम रद्द धरावं लागेल. ज्याचं जेवढं झालंय तेवढ्यावर मार्क देऊ.”

“चालेल सर,” एकदोघं म्हणाली. त्यांचं झालं होतं.

तेव्हा त्या चपला हलल्या. पोरांच्या मागे येऊन थांबल्या. आणि कॉलेजात गेल्यापासून शिकलेल्या शुद्ध बोलीत आवाज आला,

“सर, मॉडेल पुन्हा उभी राहू शकेल का? माझे पाय राहिलेत.”

शमानं मान वर करून त्याच्याकडे असं बघितलं, की बघणाऱ्याला चटका बसावा. “महिपती, लाज आहे का तुला? बाईंना उठता येत नाहीये.”

“मी फक्त विचारलं,” तो म्हणाला.

मी शमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. डाव्या पायातून डोक्यापर्यंत कळ गेली. दात दातावर धरले.

“राहते उभी,” मी म्हटलं.

“हौसाबाई, नको,” सर म्हणाले. “पाय बघा तुमचा.”

“पाय माझा हाय न्हवं? मी बघते. काठी द्या हिकडं.”

चौथऱ्यावर चढले. खडूची रेघ तशीच होती. उजवं पाऊल गुमान तिच्यात बसलं. डावं बसेना. घोटा दिसायचा बंद झाला होता, पाऊल पोळीसारखं फुगत होतं. सर पुन्हा उकिडवे बसले, वर माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “मावेल तेवढं ठेवा.” मी ठेवलं. आणि सगळा भार डाव्या पायावर दिला, कारण पोझ तशी होती.

पुढचा सगळा वेळ मी समोरच्या भिंतीवरची एक पाल बघत काढला. ती पण हलत नव्हती. आम्ही दोघी उभ्या होतो. खाली कोळसा कागदावर घासल्याचा आवाज येत होता, एकट्याचाच. बाकीची पोरं काम संपवून बसली होती.

संध्याकाळी शमानं मला टांग्यात बसवून दिलं. घरी आल्यावर हळद-मीठ गरम करून लेप दिला आणि पायावर पदर ओढून बसले. दिवेलागणीला महिपती आला. हातपाय धुतले, पाटावर बसला, जेवायला लागला.

मला वाटलं, आता विचारेल. आमटी वाढली. वाटलं, आता. भाकरी मोडून दिली.

“कांदा हाय का?” त्यानं विचारलं.

मी बसल्या बसल्या सरकत जाऊन टोपलीतला कांदा काढला, बुक्कीनं फोडून दिला.

शेवटी मीच म्हटलं, “जमलं का पाय?”

“जमलं,” तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. “आई, असं कधीच जमलं नव्हतं गं. अगदी हुबेहूब.”

तो झोपल्यावर मी मनाची समजूत घातली. पोराला दिसलंच नाही. हातात कोळसा आला की त्याला जग दिसत नाही, बापाचंही तसंच होतं. शिडी सरकतेय हे तरी त्याला कुठं दिसलं? माझ्या पायाचं काय झालं ते ह्यानं बघितलं नसणार, ह्याच्या डोळ्यांपुढं नुसता कागद होता. बघितलं असतं तर विचारलं नसतं का?

ह्या समजुतीवर मी निकालापर्यंत तग धरला. पाय काही सरळ झाला नाही. हाडवैद्यानं ओढलं, बांधलं, तरी चालताना एक झोल राहिलाच.

महिपती पहिला आला. चित्रं मुंबईहून परत आली आणि कॉलेजात प्रदर्शन लागलं. मी जांभळं इरकल नेसले, नवरा असताना घेतलेलं, आणि गेले. मॉडेलांनाही बोलावलं होतं. गणपा पैलवान फेटा बांधून आला होता आणि दिसेल त्याला सांगत होता, “माझा ताप आडवा आला, न्हाईतर ह्या जागी मी असतो.”

“तू असतास तर कागद आडवा लावाय लागला असता,” मी म्हटलं.

मधल्या भिंतीवर महिपतीचं चित्र होतं, त्याला झेंडूची माळ. समोर पाव्हणे उभे होते, कुठल्याशा कारखान्याचे साहेब, शेजारी निंबाळकर सर.

“काय भार पकडलाय पोरानं!” साहेब म्हणत होते. “बाईचं सगळं आयुष्य त्या एका पायावर उभं आहे असं वाटतं.”

मी सरकत सरकत पुढे गेले आणि बघितलं.

चेहरा माझा होता. ओठ घट्ट मिटलेले. मी तशीच दिसते म्हणतात. हात, काठी, पदर, सगळं मी विसाव्यात बघितलेलं. मग नजर खाली गेली. उजवं पाऊल खडूच्या रेघेत नीट बसलेलं. आणि डावं... डाव्याला घोटाच नव्हता. घोट्याच्या जागी फुगवटा, त्यावर ताणून चकाकणारी कातडी, तिची छटा अंगठ्यानं घासून घासून आणलेली. कळ सोसायला आखडून धरलेली बोटं, एक एक वेगळं. टरारलेली शीर. रेघसुद्धा त्यानं सोडली नव्हती. खडूची रेघ काढली होती आणि तिच्यावरून बाहेर ओघळलेला माझा पाय काढला होता.

काही म्हणून सुटलं नव्हतं त्याच्या नजरेतून.

माझ्या कोपराला हात लागला. महिपती होता. नवा सदरा, कपाळाला कुणीतरी लावलेला गुलाल.

“सर,” तो मोठ्यानं म्हणाला, “आज सांगतो. ही माझी आई आहे.”

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही. निंबाळकर सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. “आई? आणि तू त्या दिवशी... अरे वेड्या, केवढा हा संयम!” कुणीतरी म्हणालं, कलेसाठी असं काळीज लागतं. टाळ्या वाढतच चालल्या. फक्त शमा मुजावर हात खाली सोडून उभी होती. ती चित्रातल्या पायाकडे बघत होती, मग माझ्या पायाकडे, मग पुन्हा चित्राकडे.

मी कोपर सोडवून घेतलं.

“कुणाची आई?” मी म्हटलं. “काहीतरीच बोलतंय पोरगं. मी हितली मॉडेल हाय. इचारा सरांस्नी.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मी पदर खोचला आणि वळले. झोल देत दारापर्यंत जायला मला बराच वेळ लागला.

त्यानं मला रंकाळ्याच्या रस्त्यावर गाठलं.

“आई, चार लोकांत असं का बोललीस? माझी काय शोभा झाली?”

“कॉलेजात मी तुझी आई न्हवं. ठरलं हुतं आपलं.”

“मग पडलीस तेव्हा पण मी तेच पाळलं न्हाई का?”

मी थांबले. पाळलं होतं, अगदी माझ्या शब्दाला धरून. पण मला ते विचारायचंच नव्हतं.

“मह्या, खरं सांग. माझा पाय सुजलेला तुला दिसला हुता?”

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी अगदीच येडचाप प्रश्न विचारला.

“दिसला म्हणून तर काढला,” तो म्हणाला.

त्याला हायस्कुलात ड्रॉइंगमास्तराची जागा मिळाली, पुढे नाव झालं, बंगला झाला. शिडीवर तो कधी चढला नाही. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं. ते चित्र कॉलेजनं त्याला परत दिलं, ते आता पुढच्या खोलीत काचेत आहे. आलेल्या-गेलेल्याला तो ‘माझी आई’ म्हणून दाखवतो आणि लोक त्या पायाजवळ वाकून बघतात. मी आतच असते. घर माझ्या शब्दावर चालतं, सून-नातसुना मला भितात, आणि भ्यायलाच पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्याला सगळी पाया पडायला येतात. महिपतीचेही केस पिकले, पण तो वाकतो. तो वाकला की मी डावा पाय लुगड्यात ओढून घेते आणि उजवाच तेवढा पुढे करते.

त्याला वाटतं, म्हातारीचा डावा दुखत असेल.

विचारत मात्र नाही.